सार्वजनिक टॉयलेटच्या सीटवरून खरंच गुप्तरोग होतात का?

चिंचेचा_कोळ
नमस्कार मंडळी. विषय जरा अडचणीचा आहे, पण इथे लोक मोकळेपणाने बोलतात म्हणून धागा काढतेय. ऑफिसच्या लेडीज ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आलं की सार्वजनिक टॉयलेटच्या सीटवर बसल्याने गनोरिया, सिफिलिस, हर्पिस आणि अगदी एचआयव्हीसुद्धा होतो, खाली नेहमीचं 'प्रत्येक आईबहिणीपर्यंत पोचवा'. एरवी मी असलं काही उघडतही नाही, पण यावेळी निम्म्या जणींनी सीट कव्हरं आणि स्प्रे मागवले आणि एकीने तर ऑफिसमध्ये पाणी प्यायचंच सोडलंय, म्हणजे जायलाच नको. माझं काम फिरतीचं, सोलापूर लातूर नांदेड पट्टा, त्यामुळे स्टँड, पेट्रोल पंप, लॉज, जे मिळेल ते वापरावं लागतं. नुसतं घाण वाटणं वेगळं आणि रोग होणं वेगळं ना? की खरंच काही तथ्य आहे? कुणी डॉक्टर असतील तर प्लीज सांगा, गूगल करून डोकं फिरलंय.

खवचट_काका
आमच्या एसटी स्टँडवर सीटच नाहीये. निश्चिंत राहा.

बटाटेवडा
सीट असली तरी तिच्यावर बुटांचे ठसे असतात, टेकायचा प्रश्न येतोच कुठे.

लष्करच्या_भाकऱ्या
हसण्यावारी नेऊ नका. माझ्या सख्ख्या मैत्रिणीला मॉलमधल्या टॉयलेटनंतर दोन दिवसांत इन्फेक्शन झालं. लघवीला आग, थंडी वाजून ताप, अँटिबायोटिक्सचा कोर्स घ्यावा लागला. तिच्या डॉक्टरांनीच सांगितलं की बाहेरचं टॉयलेट वापरत जाऊ नका. आता डॉक्टर उगाच सांगतील का? आणि वेस्टर्न कमोड ही कल्पनाच मला पटत नाही, दहा जण टेकून गेलेत तिथे आपण टेकायचं. इंडियन केव्हाही बरं.

त्वचावैद्य
मी याच विषयातला आहे, त्वचारोग आणि गुप्तरोग. हा प्रश्न ओपीडीत इतक्या वेळा येतो की एकदा नीटच लिहितो.

गनोरिया म्हणजे जुने लोक ज्याला परमा म्हणायचे, त्याचा जंतू फार नाजूक. त्याला ओल लागते, अंगाची ऊब लागते, वाळला की मेला. सिफिलिस म्हणजे गरमी, त्याचा जंतू तर प्रयोगशाळेत वाढवतानाही संशोधकांच्या नाकी नऊ आले. क्लॅमिडिया माणसाच्या पेशीच्या आतच वाढतो, बाहेर त्याचं काही चालत नाही. एचआयव्ही सुकला की निकामी, तो सीटवरून कुणाला झाल्याचं उदाहरण नाही. आणि नुसता जंतू जिवंत असून भागत नाही, त्याला आत शिरायला जागा हवी. सीटला आपल्या मांड्या आणि कुल्ले टेकतात, तिथली कातडी जाड आणि कोरडी. हे जंतू शिरतात ते योनीमार्ग, मूत्रमार्ग, गुदद्वार, तोंड इथल्या ओल्या नाजूक अस्तरातून, आणि तो भाग सीटला लागत नाही.

१९७९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावर चक्क एक लेख आला होता. गनोरियाचा पू मुद्दाम सीटवर लावून पाहिला तर जंतू थोडा वेळ तग धरून होते, पण सार्वजनिक संडासांच्या सीटा पुसून तपासल्या तेव्हा एकीवरही तो सापडला नाही.

भाकऱ्याताई, तुमच्या मैत्रिणीला जे झालं ते लघवीचं इन्फेक्शन, यूटीआय. तो गुप्तरोग नव्हे. त्याचे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले, ई. कोलाय. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर, त्यामुळे मागून पुढे यायला त्यांना वेळ लागत नाही. कमी पाणी पिणं, तासन् तास लघवी दाबून ठेवणं, मागून पुढे धुणं किंवा पुसणं, शरीरसंबंध, ही त्याची कारणं. मॉलमध्ये जाईपर्यंत तिने किती वेळ रोखून धरलं होतं ते विचारा.

सातारी_तर्री
सीटा पुसत फिरणाऱ्या त्या संशोधकाच्या बायकोला शेजारणी विचारत असतील, तुमचे मिस्टर काय करतात हो?

बटाटेवडा
तर्री, हसून हसून पुरेवाट

तिरकस
डॉक्टरसाहेब, गनोरिया सिफिलिस ठीक आहे, पण हर्पिसचं काय? एचपीव्ही या विषाणूचं काय? तो तर पृष्ठभागावर बराच टिकतो असं मी वाचलंय. 'नाहीच होत' असं ठणकावून सांगणं मला शास्त्रीय वाटत नाही. शून्य टक्के म्हणताय का तुम्ही?

त्वचावैद्य
तिरकस, रास्त प्रश्न. हर्पिसचा विषाणू प्लास्टिकवर काही तास जगल्याचं प्रयोगात दिसलंय. एचपीव्ही चिवट आहेच. ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय जीव ओल्या कापडात काही वेळ राहतो. पण सापडणं वेगळं आणि त्यातून लागण होणं वेगळं. सीटवरून या गोष्टी पसरतात असं दाखवणारा पुरावा नाही. गनोरियाच्या बाबतीत २००४ मध्ये विमानातल्या टॉयलेटचा एक किस्सा छापून आलाय, आणि तो छापला गेला तेच मुळी अशी उदाहरणं मिळत नाहीत म्हणून. जगात दर वर्षी कोट्यवधी लोकांना हे आजार होतात, सीटवरून होत असते तर अशा किस्स्यांना जर्नलमध्ये जागा पुरली नसती.

भीती बाळगायचीच तर ओल्या टॉवेलची बाळगा. दुसऱ्याचा टॉवेल, आतले कपडे, वस्तरा वापरू नका. हॉस्टेलवर खरूज अशीच फिरते, चादरी कपड्यांतून आणि कातडीला कातडी लागून. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो, त्यावर लस आहे, घेतली नसेल तर घ्या. आणि जांघेतल्या उवा सीटवरून चढतात हीसुद्धा थापच, त्यांचे पाय केसाला लटकायला बनलेत, गुळगुळीत सीटवर त्यांना धड उभंही राहता येत नाही.

उगाचच
उवांबद्दल पहिल्यांदाच सहानुभूती वाटली.

सुगरण_नाही
एचपीव्हीचा विषय निघालाच आहे तर, ज्यांच्या मुली नऊ ते चौदाच्या आहेत त्यांनी लसीचं बघा. आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ च्या जानेवारीत आली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतांशी याच विषाणूमुळे होतो. मी भाचीला देऊया म्हटलं तर वहिनी म्हणाली, 'अगं ती लहान आहे, तिला कशाला असली लस'. असली म्हणजे कसली ते मात्र तिला बोलवेना.

कोपऱ्यातला_चहा
मला एक सांगा, मग त्या सीटवर न टेकता अधांतरी बसायची कसरत सगळ्या बायका का करतात? माझी बायको म्हणते तिच्या आईने शाळेत असतानाच शिकवलंय.

नीलमोहर
चहा, सगळ्यांच्याच आईने शिकवलंय ते. पण त्याचा तोटा आहे. अर्धवट उभं राहिलं की खालचे स्नायू आवळलेलेच राहतात, मूत्राशय नीट रिकामं होत नाही, उरलेल्या लघवीत जंतूंना आयतंच मिळतं. वर उडणारे थेंब सीटवर, म्हणजे पुढची येते ती म्हणते शी किती घाण आणि तीही अधांतरी. एकमेकींच्या भीतीने एकमेकींची सीट ओली करतो आपण. मी कोरडा टिशू घेते, पुसते, सरळ बसते. सीट फारच भिजलेली असेल तर फ्लशच्या पाण्याने कापड ओलं करून वगैरे भानगडीत पडत नाही, दुसरं दार उघडते. मांडीवर जखम किंवा पुरळ असेल तेव्हा कव्हर घालावं, एरवी गरज नाही.

खवचट_काका
आणि कमोडवर चढून उकिडवे बसणारे पुरुष? आमच्या ऑफिसात त्यावर पाटी लावावी लागली, चित्रासकट. भांडं फुटून टाके पडले म्हणजे कळेल, चिनीमाती फुटली की काचेसारखी धार येते तिला. गनोरिया परवडला.

दादरचा_कंदील
तुम्ही लोक फारच लाडावलेले. आम्ही चाळीत वाढलो. मजल्याच्या टोकाला चार संडास, वीस बिऱ्हाडं, सकाळी टमरेल घेऊन रांग. टमरेल रांगेत ठेवून घरी चहा प्यायला जायचं, नंबर टमरेलाचा लागलेला असायचा माणसाचा नाही. कुणाचा डबा कुणी पुढे सरकवला यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. पण त्या संडासातून चाळीत परमा पसरल्याचं काही ऐकलं नाही बुवा. कावीळ आणि जुलाब मात्र एका घरात आले की मजलाभर फिरायचे.

त्वचावैद्य
कंदील, लाखातलं बोललात. संडासातून पसरतं ते हेच. शिगेला, नोरोव्हायरस, हिपॅटायटिस ए, सगळे शौचातून हाताला आणि हातावरून तोंडात. कडी, नळ, मग, जेट स्प्रेचा दांडा, फ्लशचं बटण. आणि आता मोबाईल. आत बसून रील्स बघायच्या, बाहेर येऊन हात साबणाने धुवायचे आणि तोच मोबाईल जेवताना ताटाशेजारी.

उगाचच
हा प्रतिसाद मी नेमका कुठे बसून वाचतोय ते सांगत नाही.

सातारी_तर्री
अवांतर: रेल्वेतल्या संडासाचा इतिहास कुणाला माहितीय का? १९०९ मध्ये ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थांनी साहिबगंजला रेल्वेच्या साहेबाला पत्र लिहिलं. फणस खाऊन पोट फुगलं, स्टेशनवर उतरून बसले, तेवढ्यात गार्डने शिट्टी मारली. एका हातात लोटा आणि दुसऱ्यात धोतर धरून पळताना फलाटावर आडवे झाले, सगळ्या बायाबापड्यांसमोर, आणि गाडी निघून गेली. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे. खालच्या वर्गाच्या डब्यात संडास आले त्याचं श्रेय त्यांना देतात.

दादरचा_कंदील
आणि मुंबई लोकलमध्ये अजूनही नाहीत. विरार ते चर्चगेट फणस खाऊन करून दाखवा.

बटाटेवडा
लोकलमध्ये संडास नाही, पण रुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग, नपुंसकता, हमखास इलाज, हकीम अमुक, तमुक लॉज रूम नं. ४, दर शनिवारी' वाचूनच माझं हिंदी सुधारलं.

संपादक
मंडळी, धागा रुळावरून घसरतोय (शब्दशः). मूळ विषयावर या.

रानवारा
मूळ विषयावरच लिहिते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. याआधीच्या शाळेत शिक्षिकांसाठी टॉयलेट होतं पण त्याला कायम कुलूप, चावी मुख्याध्यापकांच्या कपाटात. दर वेळी मागायची लाज वाटायची म्हणून आम्ही तिघी सकाळी घरून जाऊन आलं की थेट संध्याकाळी घरीच. उन्हाळ्यातसुद्धा दुपारपर्यंत अर्धी बाटली पाणी. एकीला मुतखडा झाला, मला सारखं यूटीआय. एसटीतल्या कंडक्टर बायका, ट्रॅफिक पोलीस, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या, यांना विचारा सीटवरून काय होतं ते, त्या म्हणतील आधी सीट दाखवा. मुंबईत २०११ पासून बायकांच्या संघटनांनी राईट टू पी ची मोहीम चालवली ती याचसाठी, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे. चिंचेचा_कोळ, तुमच्या त्या पाणी सोडलेल्या मैत्रिणीला सांगा, न झालेल्या रोगाच्या भीतीने ती होणारा रोग ओढवून घेतेय.

तिरकस
रानवारा, +१. आणि फिरतीवर असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पेट्रोल पंपावर टॉयलेट, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा या सोयी देणं पंपवाल्याला बंधनकारक आहे. पेट्रोल भरा नाहीतर नका भरू. कुलूप असेल तर चावी मागा, बिनधास्त.

लष्करच्या_भाकऱ्या
बरं, यूटीआयचं मानलं. पण मग अंगावरून पांढरं जातं, खाज येते, ते? बाहेर जाऊन आलं की होतंच. मी तर घरी आल्यावर डेटॉलच्या पाण्याने धुते.

नीलमोहर
ताई, डेटॉल आजपासून बंद!! योनीत चांगले जंतू असतात, ते आम्लता राखतात, डेटॉलने आणि त्या सुगंधी वॉशने तेच मरतात आणि मग यीस्टला, म्हणजे बुरशीला, रान मोकळं. खाज त्याचीच असू शकते. घामट सिंथेटिक कपडे, वाढलेली साखर, अँटिबायोटिक्सचे कोर्स यानेही होतं. बाहेरून साधं पाणी पुरे. आणि एकदा शुगर तपासा, सारखं होत असेल तर नक्कीच.

निनावी_७१
नवीन आयडी काढून लिहितेय, समजून घ्या. गेले दोन दिवस हा धागा वाचतेय. माझ्या मिस्टरांना लघवीच्या जागेतून पू येत होता, जळजळ होती. टेस्ट केली तर गनोरिया. ते म्हणतात कंपनीच्या ट्रेनिंगला गेले होते तेव्हा ट्रेनच्या टॉयलेटमधून झालं असणार. मला काहीच त्रास नाही. सासूबाईंना अर्धवट कळलंय तर त्या म्हणतात तूच कुठल्या तरी बाहेरच्या संडासात जाऊन घेऊन आली असशील. मला फक्त एवढं सांगा, ट्रेनमधून होऊ शकतं का?

खवचट_काका
पोरी, आधी तुझी तपासणी कर. बाकी सगळं नंतर.

कोपऱ्यातला_चहा
माझं मत वेगळं पडेल पण लिहितो. इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांच्या सांगण्यावरून कुणाचा संसार मोडायला नको. वरच डॉक्टर म्हणालेत ना की विमानातला एक किस्सा आहे? मग ट्रेनचाही असेल. संशयाचा फायदा द्यावा माणसाने.

रानवारा
वा रे वा. संशयाचा फायदा त्याला आणि संशय तिच्यावर, सासूबाईंचं वाक्य वाचलंत ना? पुरुषाने उभ्याने लघवी करताना ट्रेनची सीट लागते तरी कुठे ते समजावून सांगा.

कोपऱ्यातला_चहा
ताई, मी तिच्यावर कुठे संशय घेतला? एवढंच म्हणतोय की

रानवारा
तेच तर, तुम्ही कुणावरच घेत नाहीये. संडासावर घेताय.

त्वचावैद्य
भांडू नका. निनावीताई, तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. मोठ्या माणसाला गनोरिया होतो तो शरीरसंबंधातून, मग तो योनीमार्गे असो, गुदमार्गे असो की तोंडाने. ट्रेनच्या टॉयलेटमधून नाही. पुरुषाला लक्षणं साधारण दोन ते सात दिवसांत दिसतात, कधी थोडी उशिरा. पण बाईला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, म्हणून 'मला त्रास नाही' याचा अर्थ लागण नाही असा होत नाही. तशीच राहिली तर ती गर्भाशय आणि नळ्यांपर्यंत जाते, पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते.

हे सगळ्याच आजारांना लागू नाही, हेही लिहून ठेवतो कारण बाकीचेही वाचतायत. हर्पिस वर्षानुवर्षं शरीरात झोपून राहतो आणि मग एकदम डोकं वर काढतो. एचपीव्ही तसाच. तिथे आज लक्षण दिसलं म्हणून जोडीदाराने काल काही केलं असं म्हणता येत नाही, लग्नाआधीचंही असू शकतं. असल्या रिपोर्टवरून घरं मोडलेली पाहिलीत मी. गनोरियाचं गणित तितकं लांबत नाही.

आता काय करायचं ते. सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं, नाव तेच, तपासणी आणि औषध फुकट. जोडीदाराला गनोरिया असेल तर तुमच्या रिपोर्टची वाट न बघता तुम्हालाही औषध देतात. उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे, नाहीतर आजार चेंडूसारखा इकडून तिकडे. औषधानंतर सात दिवस संबंध नाही. एचआयव्ही आणि सिफिलिसचीही टेस्ट करून घ्या, एक रोग आला त्या वाटेने दुसराही येऊ शकतो. एचआयव्हीची चाचणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात होते, आधी समुपदेशन असतं, आणि २०१७ च्या कायद्याने तुमचा रिपोर्ट गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. फोनवर बोलायचं असेल तर १०९७, टोल फ्री.

नीलमोहर
मी मुलांच्या विभागात नर्स आहे, म्हणून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही सीटची कहाणी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लहान मुलींमध्ये गनोरिया सापडायला लागला तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनी शाळेतल्या संडासाच्या सीटांना दोष दिला. घरातल्या माणसांकडे बोट दाखवायची कुणाची तयारी नव्हती. आजही आई घाबरून म्हणते की शाळेच्या बाथरूममधून झालं असेल. जन्मताना आईकडून आलेलं सोडलं तर लहान मुलाला असा आजार होणं म्हणजे आधी अत्याचाराचा विचार करायचा, टॉयलेटचा नाही. पॉक्सो कायद्यात, २०१२ च्या, अशी शंका आली तरी कळवणं सक्तीचं आहे, डॉक्टरलाही आणि इतरांनाही. चाईल्डलाईन १०९८.

उगाचच
यावर काही विनोद सुचत नाहीये.

लष्करच्या_भाकऱ्या
निनावी, तू कुठल्या जिल्ह्यात आहेस? माझ्या बहिणीच्या ओळखीच्या एक काउन्सेलर आहेत, सोबत कुणी हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. एकटी जाऊ नकोस.

चिंचेचा_कोळ
धागा कुठून कुठे गेला. सगळ्यांचे आभार. त्वचावैद्यांचे पहिले दोन प्रतिसाद कॉपी करून ग्रुपवर टाकलेत. दोघींनी थम्ब्स अप केलं, एकीने 'पण काळजी घेतलेली काय वाईट' असं लिहिलं, आणि पाणी सोडलेलीने उत्तरच दिलं नाही, पण आज तिच्या टेबलावर बाटली होती. मी बॅगेत कागदी साबण आणि टिशू ठेवते, बास. जाता जाता, कुणाला उजनी ते सोलापूर दरम्यान बरं टॉयलेट माहिती असेल तर सांगा, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

सातारी_तर्री
टेंभुर्णीच्या आसपास मोठे धाबे आहेत, फॅमिलीवाले. जिथे ट्रॅव्हल्स थांबतात ते टाळा, एकदम चाळीस माणसं उतरतात.

निनावी_७१
जाऊन आले. भाकऱ्याताईंनी ओळख करून दिलेल्या बाई सोबत होत्या, त्यांचे उपकार कसे फेडू. करड्या रंगाचं पाकीट असतं, त्यातल्या गोळ्या तिथेच समोर बसून घ्यायला लावल्या. डॉक्टरबाईंनी एकही नको तो प्रश्न विचारला नाही. एचआयव्ही निगेटिव्ह आलं, सिफिलिसची व्हीडीआरएल टेस्टही. मिस्टरांनी औषध घेतलं पण ते अजून ट्रेनवरच अडून आहेत. सासूबाईंना मी काही बोललेले नाही. सध्या आईकडे आहे. आता परत टेस्ट करायची का आणि कधी, ते त्या गडबडीत विचारायचंच राहिलं.

त्वचावैद्य
शेवटच्या संबंधापासून तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही परत करा, आजचं निगेटिव्ह पुरेसं नाही. त्या आधी पोटात खाली दुखलं, ताप आला किंवा स्राव वाढला तर तीन महिने थांबू नका, लगेच दाखवा. परत एकत्र राहायचं ठरलंच तर तोवर कंडोम, आणि त्यांचीही टेस्ट तुमच्याच बरोबर.

निनावी_७१
ठीक आहे. तारीख लिहून ठेवली.